सहा कोटी नवरे

भारतात दर ७१ सेकंदांना बायकांवरच्या अत्याचाराचा एक गुन्हा नोंदवला जातो. 'नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरो'च्या २०२२ च्या अहवालात अशा गुन्ह्यांचा आकडा ४,४५,२५६ आहे. दिवसाला १,२२०, तासाला जवळजवळ ५१. एकट्या महाराष्ट्रात ४५,३३१, म्हणजे दिवसाला १२४. दरवर्षी असा अहवाल येतो, आकडा पहिल्या पानावर छापला जातो, वाहिन्यांवर संध्याकाळभर चर्चा होते आणि दुसऱ्या दिवशी सगळं मागे पडतं.

ऐकायला हा आकडा मोठा आहे. पण घराघरांत जे घडतं त्याच्या शेजारी ठेवला, तर तो फारच लहान ठरतो. शिवाय या हिशोबात एक रकाना कायम रिकामा राहतो. किती बायकांवर अत्याचार झाला हे आपण मोजतो. किती पुरुषांनी केला हे कोणी मोजत नाही. बातमीचा मथळाही 'विवाहितेला मारहाण' असाच असतो. मारणारा वाक्यातून गायब. तो रकाना आता भरायला हवा.

एकांतात विचारलेले प्रश्न

पोलिसांच्या नोंदीपलीकडे काय चाललंय, हे कळण्याचा आपल्याकडचा सर्वात मोठा आधार म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. त्याची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. ६,३६,६९९ घरं, ७,२४,११५ बायका आणि १,०१,८३९ पुरुष त्यात होते. हिंसेचे प्रश्न मात्र सगळ्यांना विचारत नाहीत. निवडलेल्या घरातल्या एकाच बाईला, तेही एकांतात विचारतात. एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून द्यायचा, असा दंडक आहे. तिचं उत्तर नवऱ्याच्या किंवा सासूच्या कानावर गेलं, तर त्याच रात्री तिला पुन्हा मार बसू शकतो.

'नवरा मारतो का?' असं मोघम विचारून भागत नाही. एखादी थोबाडीत बसली, तर कितीतरी बायका त्याला मारहाण म्हणतच नाहीत. 'संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच' हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. म्हणून एकेक कृती वेगळी विचारली जाते. ढकललं का? गदागदा हलवलं का? अंगावर काही फेकून मारलं का? थोबाडीत मारली का? हात पिरगळला, केस ओढले का? बुक्का मारला का? लाथ घातली, फरपटत नेलं का? गळा आवळला, मुद्दाम भाजलं का? सुरी किंवा दुसरं हत्यार दाखवून धमकावलं का? मनाविरुद्ध शरीरसंबंध ठेवायला लावले का?

या यादीला मिळालेली उत्तरं एकत्र केली तेव्हा दिसलं, की १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा कधी ना कधी सोसली आहे. थोबाडीत खाल्लेल्या बायका सुमारे २५ टक्के. महाराष्ट्रात नवऱ्याची हिंसा सोसलेल्यांचं प्रमाण चौथ्या फेरीत २१ टक्क्यांच्या आसपास होतं, पाचव्या फेरीत ते २५ च्या आसपास गेलं. या दोन फेऱ्यांत देशाचा आकडा थोडा खाली आला आणि पुरोगामी म्हणवणाऱ्या आपल्या राज्याचा वर गेला.

टक्क्यांत माणसं दिसत नाहीत, म्हणून संख्या मांडू. या वयोगटातल्या, लग्न झालेल्या बायका देशात २० कोटी आहेत असं धरू. खरी संख्या याहून बरीच मोठी आहे, पण हिशोब हात राखूनच केलेला बरा. २० कोटींचे २९.३ टक्के म्हणजे ५ कोटी ८६ लाख. दक्षिण कोरियात बायका, पुरुष, म्हातारे, तान्ही मुलं सगळी मिळून सव्वापाच कोटी माणसं नाहीत.

या बायकांची नावं मोठ्याने वाचायची ठरवली, एका सेकंदाला एक नाव, रात्रंदिवस, श्वास घ्यायलाही न थांबता, तर ६७८ दिवस लागतील. म्हणजे जवळजवळ १ वर्ष १० महिने. आता दुसरी यादी वाचू. नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचे २०२२ मध्ये नोंदवलेले गुन्हे १,४०,०१९. त्याच वेगाने ही यादी ३९ तासांत संपते.

कोणी म्हणेल, एक आकडा आयुष्यभराचा आणि दुसरा एका वर्षाचा, ही तुलना बरोबर नाही. हा आक्षेप रास्त आहे. मग सलग ३० वर्षं, दरवर्षी एवढेच गुन्हे नोंदवले गेले असं धरू. तरीही बेरीज ४२ लाखांवर जाते. शंभरातल्या सात जणी पोलीस ठाण्याच्या वहीपर्यंत पोचल्या, उरलेल्या त्र्याण्णव नाही.

उरलेल्या कुठे जातात? याच सर्वेक्षणानुसार हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के. त्यांतल्याही बहुतेक जणी माहेरी किंवा नात्यातल्या कोणाकडे गेल्या. पोलिसांकडे गेलेल्या मूठभर. ७७ टक्के बायकांनी मदत तर मागितली नाहीच, झालेलं कोणाला सांगितलंसुद्धा नाही. आईला नाही, बहिणीला नाही, मैत्रिणीला नाही.

रिकामा रकाना

आता तोच हिशोब पुरुषाच्या बाजूने करू. मार खाल्लेल्या प्रत्येक बायकोसमोर एक मारणारा नवरा आहे. काही जोडपी विभक्त झाली असतील, काही नवरे आज हयात नसतील, तरी आकडा फार हलत नाही. ५ कोटी ८६ लाख बायका म्हणजे जवळजवळ सहा कोटी नवरे.

सहा कोटी किती, हे कळायला देशातल्या तुरुंगांकडे पाहावं. २०२२ च्या अखेरीस भारतातल्या सगळ्या तुरुंगांत मिळून ५,७३,२२० कैदी होते. खुनी, दरोडेखोर, पाकीटमार, कच्चे कैदी, पक्के कैदी, सगळे धरून. आणि तेवढ्यानेच तुरुंग क्षमतेबाहेर भरलेले होते. बायकोवर हात उचलणारे नवरे या एकूण कैद्यांच्या शंभर पट आहेत. हे सगळे विकृत, माथेफिरू किंवा गुन्हेगार टोळ्यांतले असणं शक्यच नाही. एवढी विकृती कुठल्याच समाजात नसते. हे पुरुष बँकेत आहेत, शेतात आहेत, रिक्षा चालवतात, शाळेत शिकवतात, गणपतीची वर्गणी गोळा करतात, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावून जातात. ऑफिसात साहेबावर चिडले तरी त्याच्या अंगावर हात टाकत नाहीत. राग आवरता येत नाही असं नव्हे. कुठे आवरायचा आणि कुठे नाही आवरला तरी चालतो, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

पुरुष स्वतः काय सांगतात, हेही एकदा विचारून झालं आहे. २०१४ मध्ये 'इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन' आणि संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने महाराष्ट्रासह सात राज्यांतल्या ९,२०५ पुरुषांचा आणि ३,१५८ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदाराची कुठल्या ना कुठल्या प्रकारची हिंसा सोसल्याचं ५२ टक्के बायकांनी सांगितलं. आणि अशी हिंसा केल्याचं पुरुषांपैकी किती जणांनी सांगितलं? ६० टक्के. मारणाऱ्यांनी कबूल केलेला आकडा मार खाणाऱ्यांनी सांगितलेल्या आकड्याहून मोठा होता. बाई लाजेने लपवते ते पुरुष सहज सांगून टाकतो, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नाही.

धोका कोणाकडून

मुलीला आपण सांगतो, 'अंधार पडायच्या आत घरी ये.' आकडे सांगतात, की धोका बहुतेक वेळा घराच्या आत किंवा ओळखीच्या वर्तुळात आहे. २०२२ मध्ये देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदवले गेले. शंभरातल्या ९६ हून अधिक गुन्ह्यांत आरोपी मुलीच्या किंवा बाईच्या ओळखीचा होता. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लैंगिक हिंसा सोसलेल्या विवाहित बायकांना 'कोणी केली' असं विचारलं, तेव्हा ८२ टक्के जणींनी सध्याच्या नवऱ्याचं आणि १३ टक्के जणींनी आधीच्या नवऱ्याचं नाव घेतलं. आणि प्रौढ बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आपला कायदा आजही बलात्कार मानत नाही. जुन्या दंड संहितेतला हा अपवाद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तसाच आहे.

जगभरही हेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायका ७३ कोटी ६० लाख आहेत, दर तिघींपैकी एक. २०२३ मध्ये जगात सुमारे ५१,१०० बायका आणि मुली जोडीदाराच्या किंवा घरच्याच माणसाच्या हातून मारल्या गेल्या. दिवसाला १४०, दर दहा मिनिटांना एक. जगात खून होणाऱ्यांमध्ये ८० टक्के पुरुष असतात, हे खरं आहे. पण पुरुषाचा जीव बहुतेक वेळा घराबाहेर जातो. घरच्यांच्या हातून मरणारे पुरुष बाराएक टक्के. खून झालेल्या बायकांमध्ये मात्र ६० टक्के जणींना घरच्यांनीच मारलेलं असतं. आणि दोन्हीकडे मारणारा बहुतेक वेळा पुरुषच असतो.

आपल्याकडे यात हुंड्याची भर आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. त्यानंतर साठाहून अधिक वर्षांनी, २०२२ मध्ये, हुंडाबळीचे ६,४५० गुन्हे नोंदवले गेले. दिवसाला जवळजवळ १८, साधारण दर ८१ मिनिटांना एक. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत झालेला संशयास्पद मृत्यूच यात धरतात. आठव्या वर्षी जाळलेली बाई या आकड्यात नाही.

आकड्यांपासून जरा बाजूला होऊन सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात उभं राहावं. एक बाई येते, हात सुजलेला. सोबत नवरा किंवा सासू. 'काय झालं?' 'बाथरूममध्ये पाय घसरला.' केसपेपरवर तेच लिहिलं जातं. एक्स-रेमध्ये दिसतं, की कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडलं आहे. पडणारा माणूस तळवा टेकतो, तेव्हा बहुधा मनगटाजवळ मोडतं. डोक्यावर येणारा घाव चुकवायला हात आडवा धरला, की मार बसतो तो नेमका या हाडावर. ज्या डॉक्टरला, ज्या नर्सला हे वाचता येतं, ती सोबतच्यांना बाहेर थांबायला सांगते आणि पुन्हा विचारते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं ते याच जाणिवेतून. पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी बाई दवाखान्यात मात्र येतेच. तिथे कोणी नीट विचारलं, तर ती बोलते.

मारायची सात कारणं

एवढ्या मोठ्या प्रमाणावरची हिंसा टिकते कशी? सर्वेक्षणात हिंसेच्या प्रश्नांखेरीज आणखी एक प्रश्नावली असते, ती बायका आणि पुरुष दोघांसाठी. सात प्रसंग वाचून दाखवतात आणि विचारतात, अशा वेळी नवऱ्याने बायकोला मारलं तर ते योग्य आहे का? तिने न सांगता घराबाहेर जाणं. घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष करणं. नवऱ्याशी वाद घालणं. शरीरसंबंधाला नकार देणं. स्वयंपाक नीट न करणं. तिच्या चारित्र्याचा संशय येणं. सासू-सासऱ्यांचा मान न ठेवणं.

निदान एका कारणासाठी मारणं योग्य आहे, असं ४५ टक्के बायकांना आणि ४४ टक्के पुरुषांना वाटतं. दोघांच्याही यादीत पहिलं कारण एकच: सासू-सासऱ्यांचा मान. सर्वेक्षणाच्या वयोगटातले पुरुष देशात ३० कोटी आहेत असं हात राखून धरलं, तरी ४४ टक्के म्हणजे १३ कोटींहून जास्त. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती.

याहून महत्त्वाचं आहे ते या आकड्यांचं चालणं. चौथ्या फेरीत मारणं योग्य मानणाऱ्या बायका ५२ टक्के होत्या, त्या ४५ वर आल्या. पाच वर्षांत सात टक्क्यांची घट. लाखो घरांत आया, मुली, सुना बदलल्या. पुरुषांचा आकडा तेव्हा ४२ होता, तो ४४ झाला. बायका पुढे सरकल्या, पुरुष जागचे हलले नाहीत. बायकांना शिकवा, सक्षम करा, बचत गटात आणा, हे सगळं आवश्यक आहे. पण ज्याच्या हातून मार बसतो त्याच्याशी या काळात कोण बोललं?

आता सातांपैकी दोन कारणं वेगळी काढू: घराकडे दुर्लक्ष आणि नीट न झालेला स्वयंपाक. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या मुली आणि बायका ८१.२ टक्के होत्या, मुलगे आणि पुरुष २६.१ टक्के. जे करत होते त्यांचा दिवसाचा वेळ बायकांचा २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. काहीच न करणाऱ्यांनाही धरून सरासरी काढली, तर बाईच्या वाट्याला २४३ मिनिटं येतात आणि पुरुषाच्या वाट्याला २५. फरक रोजचा ३ तास ३८ मिनिटांचा. वर्षाला १,३२६ तास, म्हणजे २४ तासांचे ५५ दिवस. ३० वर्षांच्या संसारात साडेचार वर्षं. २०२४ च्या सर्वेक्षणातही कामं करणाऱ्यांचे आकडे २८९ आणि ८८ मिनिटं असेच आहेत. दरी तेवढीच राहिली. ज्या कामात पुरुषाचा सरासरी वाटा २५ मिनिटांचा आहे, त्या कामात तिची चूक झाली तर तिला मारायचा हक्क त्याचा, असं ही सात कारणं सांगतात. घरकामाची वाटणी आणि मारहाण हे दोन वेगळे विषय नाहीत.

दारू, स्वभाव आणि राज्याची सीमा

'तो तसा चांगला आहे हो, पण दारू प्यायला की…' हे वाक्य प्रत्येक वस्तीत ऐकू येतं. दारूचा संबंध आहेच. वरचेवर नशेत असणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांपैकी सुमारे ७० टक्के जणींनी नवऱ्याची हिंसा सोसली आहे. पण नवरा दारूला शिवतही नाही, अशा घरांतही हा आकडा सुमारे २३ टक्के आहे. आणि देशात दारू पिणारे पुरुष एकोणीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बहुसंख्य घरं न पिणाऱ्यांचीच आहेत. उद्या देशातलं प्रत्येक दारूचं दुकान बंद झालं, तरी कोट्यवधी बायकांचा मार थांबणार नाही.

'पुरुषाची जातच तापट' म्हणणाऱ्यांनी नकाशा पाहावा. कर्नाटकात नवऱ्याची हिंसा सोसलेल्या बायका सुमारे ४४ टक्के. बिहारमध्ये ४०. कर्नाटकाची सीमा ओलांडून केरळात गेलं की १० टक्के. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे पुरुषांचं रक्त बदलत नाही, हार्मोन बदलत नाहीत. बदलतं ते पुरुषाला काय चालतं आणि काय चालत नाही, याबद्दलचं गावाचं, घराचं, शाळेचं मत. शेजारच्या दोन राज्यांत चौपट फरक पडत असेल, तर मारणं हा निसर्ग नाही. तो शिकवलेला धडा आहे, आणि वेगळा धडाही शिकवता येतो.

हा धडा बाळ जन्मायच्या आधीच सुरू होतो. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२० मध्ये सांगितलं, की जगातून तोवर एकूण १४ कोटी २६ लाख बायका 'बेपत्ता' झाल्या. त्यांतल्या ४ कोटी ५८ लाख भारतातल्या. काहींना गर्भातच संपवलं, काही जन्मानंतरच्या हेळसांडीने गेल्या. २०१३ ते २०१७ या काळात दरवर्षी सुमारे ४ लाख ६० हजार मुली भारतात जन्मालाच येऊ दिल्या नाहीत. तासाला ५२. गर्भलिंग चाचणीविरोधात कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र, साल १९८८. त्यानंतरच्या जनगणनांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात मुली किती? १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये ८०७.

त्याच बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांची राज्य सरकारच्या समितीने २०१९ मध्ये पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. दर सहा बायकांमागे एक. फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या हाती येते. खाडा झाला तर पैसे कापले जातात. पाळी आली, अंगावरून गेलं, तरी मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवावीच लागते. पहाटे उठून भाकरी तिने थापायची आणि रात्री कोपीवर परतल्यावर चूलही तिनेच पेटवायची. या सगळ्यात तिच्या अंगावर कोणी हात उचललाच पाहिजे असं नाही. कामाची घडणच तिचं शरीर कापून घेते.

मर्दपणाची वसुली

हा धडा पुरुषांकडूनही किंमत वसूल करतो. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यांत पुरुष १,२२,७२४, दिवसाला ३३६. सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात. प्रत्येक आत्महत्येमागे वेगळी गुंतागुंत असते. कर्ज, आजार, घरातले कलह. पण 'पोरींसारखा रडतोस काय', 'मर्द आहेस ना, सोस', 'हातात बांगड्या भर' हे ऐकत वाढलेल्या मुलाला मदत मागताच येत नाही, हे उघड आहे. कर्ज झालं तर सांगायचं नाही, नोकरी गेली तर सांगायचं नाही, भीती वाटली तर ती रागात लपवायची. त्याच्याकडे रागाखेरीज दुसरं काही शिल्लक ठेवलेलंच नसतं. त्याच वर्षी आत्महत्या केलेल्या गृहिणी २५,३०९. दिवसाला ६९. दोन्ही आकडे एकाच घरातून येतात.

पुरुषांकडे बोट दाखवणं आपल्याकडे नवं नाही. सुरतेच्या एका विधवेला बालहत्येची शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून समस्त बायकांना दूषणं दिली जाऊ लागली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री पुरुष तुलना' लिहिलं. बायकांना लावता ती मापं पुरुषांना लावून बघा, हा त्यांचा आग्रह होता. त्याला १४० वर्षं उलटून गेली आणि आपली मोजणी अजून बायकांपाशीच थांबते.

तरी पुरुषांशी बोलायची सुरुवात याच राज्यात झाली आहे. मुंबईत १९९३ पासून 'मावा', म्हणजे 'मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूझ', तरुण मुलांशी पुरुषपणाबद्दल उघड बोलते आहे. २००८ पासून मुंबई महापालिकेच्या ४५ शाळांत मुलामुलींच्या वर्गांत घरकाम, मारामारी आणि मुलगा-मुलगी भेद यांवर तास घेण्याचा प्रयोग झाला. १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात 'टिस'ने, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने, सुरू केलेला महिलांसाठीचा विशेष कक्ष पुढे राज्यभर पसरला. हे सगळं मोलाचं आहे. पण समोर सहा कोटींचा आकडा असताना काही हजार मुलांपर्यंत पोचून भागणार नाही. असा तास राज्यातल्या प्रत्येक शाळेत, सहावीपासून, गणिताच्या तासाइतका नेमाने व्हायला हवा.

उरलेले १४ कोटी

एक वजाबाकी अजून बाकी आहे. २० कोटींतून ५ कोटी ८६ लाख वजा केले, की १४ कोटी १४ लाख उरतात. ज्यांच्या बायकांनी एकांतात, कोणी ऐकत नसताना 'नाही, मारत नाही' असं सांगितलं, असे नवरे. काही जणी घाबरून खरं बोलल्या नसतील. तरीही हा समूह मारणाऱ्यांच्या दुपटीहून मोठा आहे. नवऱ्यांच्या या हिशोबात मोठा आकडा यांचा आहे आणि सर्वात कमी आवाजही यांचाच.

शेजारून आदळआपट ऐकू येते तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवणारे हेच असतात. 'घरचं भांडण आहे, आपण कशाला मध्ये पडायचं' म्हणणारे हेच. कट्ट्यावर एखादा 'काल बायकोला चांगली वाजवली' म्हणतो तेव्हा हसून विषय बदलणारे हेच. मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसला विनोद आला की अंगठा दाखवणारे हेच. ते मारत नाहीत. पण मारणाऱ्याला आपण एकटे पडलो असं कधी वाटू देत नाहीत.

देशातल्या सगळ्या राज्यांचं पोलीस दल वीस-एकवीस लाखांचं आहे. या १४ कोटींतल्या दहातल्या एकाने तोंड उघडलं, तरी ती १ कोटी ४० लाख माणसं होतात, पोलीस दलाच्या सहापटीहून अधिक. आणि त्यांना करायच्या गोष्टी अवघड नाहीत. आवाज आला की शेजारच्या दाराची बेल वाजवणं, काही निमित्त काढून का होईना. ११२ किंवा १८१ ला फोन लावणं. बहीण किंवा पुतणी सांगायला आली तर 'जरा सांभाळून घे' न म्हणता तिच्यासोबत सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाणं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तिला त्याच घरात राहायचा हक्क देतो, हे तिला सांगणं. मित्राला तोंडावर म्हणणं, 'तू मारतोस, ते चूक आहे.' मुलासमोर स्वतः कणीक मळणं, भांडी घासणं, आणि वाईट वाटलं तर वाईट वाटतंय असं सांगणं.

सर्वेक्षणाच्या पुढच्या फेऱ्या येत राहतील. मारणं योग्य आहे असं मानणाऱ्या बायकांचा आकडा आणखी खाली जाईल, कारण बायका ते काम करत आहेत. पुरुषांच्या ४४ टक्क्यांचं काय होतं, त्याची जबाबदारी मात्र बायकांवर, सरकारवर किंवा पोलिसांवर टाकता येणार नाही. तो आकडा पुरुषांचा आहे आणि खाली आणायचाही पुरुषांनीच आहे.